नकाशा आणि माळवद

मूल बारावी विज्ञान उत्तीर्ण झाले की मराठवाड्यातील आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत एक प्रश्न उंबरठ्यावर येऊन बसतो : पुढे काय? धाराशिव, तुळजापूर, उमरगा या बाजूच्या कोरडवाहू घराला त्याचे उत्तर बहुधा एकाच शब्दात हवे असते, आणि तो शब्द म्हणजे संगणक. अशा वेळी मुलाने किंवा मुलीने ‘सोबत भौतिकशास्त्रही शिकतो’ असे म्हटले, तर वडीलधारी मंडळी विचारतात, ते कशाला? हा प्रश्न आम्ही क्षुद्र मानत नाही. ज्या घरी फी उसनवारीने भरली जाते, तिथे ज्ञानासाठी ज्ञान असा उपदेश करणे सोपे. कारण उपदेशकाचे पोट भरलेले असते.

ही जोडी काही नवलाची नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र या तीन विषयांचा गट घेऊन मुले पदवीधर झाली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्य व दुय्यम विषयांची सोय करून ती वाट अधिकच मोकळी केली. मग ख्रिस्ती विद्यापीठात हे दोन विषय एकत्र शिकण्याला वेगळा अर्थ तो कोणता?

काही श्रद्धाळू म्हणतात, तिथे विज्ञानातून देव सिद्ध करून दाखवावा. आम्हांला हे पटत नाही, आणि पटू नये असे एका धर्मगुरूनेच शिकवले आहे. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांना 1923 मध्ये गुरुदीक्षा मिळाली. पुढे लुव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात प्राध्यापक असताना, 1927 मध्ये त्यांनी विश्व प्रसरण पावत असल्याचे गणिताने मांडले. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी विश्वारंभाच्या या नव्या विज्ञानात निर्मितिकर्त्याची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र सुखावले नाहीत, अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत निरीक्षणाच्या कसोटीवर टिको वा पडो, श्रद्धेला त्याचे टेकू नकोत, अशी त्यांची धारणा होती. याच लमेत्रांनी 1958 मध्ये, वयाच्या साठीनंतर, विद्यापीठात बरोज कंपनीचा इलेक्ट्रॉनिक संगणक आणवला आणि त्याला आज्ञा कशा द्यायच्या ते ते स्वतः शिकले. प्रार्थना, समीकरण आणि यंत्र या तिन्हींना त्यांनी आपापल्या जागी ठेवले. एकाचे काम दुसऱ्यावर लादले नाही.

या दोन विषयांचा स्वभाव मुळातच भिन्न आहे. संगणकाला दिलेली आज्ञा निर्दोष असली की तो निमूट उत्तर देतो. उत्तराचा बाहेरच्या जगाशी मेळ आहे की नाही, याची त्याला पर्वा नसते. भौतिकशास्त्रात मात्र अंतिम शब्द आपला नसतो. लंबक आपल्या मर्जीने झुलत नाही.

याची किंमत आमच्याच मातीने चुकवली आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर परिसर हादरला. अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच सरत होती. दमलेली माणसे घरात झोपली होती. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. ती मारली घरांनीच. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. ऊन अडवायला हे बांधकाम उत्तम; पण जमीन आडवी हलली की जितके वजन अधिक तितका धक्का अधिक, आणि मातीच्या सांध्यात दगड धरून ठेवण्याचे बळ नाही. हा जडत्वाचा साधा नियम आहे. भूकंपाच्या तत्कालीन राष्ट्रीय नकाशात मात्र हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात रंगवलेला होता. 2002 च्या सुधारित नकाशात पहिले क्षेत्रच उरले नाही. किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला.

नकाशा करणाऱ्यांनी खोटेपणा केला, असे आम्ही म्हणत नाही. उपलब्ध माहितीवर त्यांनी रेषा ओढल्या. पण तोच नकाशा त्या काळी संगणकात भरला असता, तर त्याने सास्तूरच्या प्रत्येक घराला बिनचूकपणे ‘धोका अल्प’ असा शेरा दिला असता. आकडेमोड बरोबर आणि उत्तर घातक! अशा पडद्यासमोर बसलेल्या तरुणाने भिंतीचे वजन कधी अभ्यासलेले नसेल, तर त्याला शंका तरी कुठून यावी? आज पाऊस, पीक, कर्ज, आजार यांचे निर्णय गणनयंत्रांकडे सरकत असताना, ती शंका येणे हे आम्हांला सद्सद्विवेकाचे काम वाटते. शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा पाळायची, तर शेजाऱ्याच्या छपरावर काय पडणार आहे हे कळायला हवे. आणि ते नुसत्या सद्भावनेने कळत नाही.

ख्रिस्ती विद्यापीठाचे नाव फाटकावर असले म्हणून हे आपोआप घडते असेही नाही. माहितीपुस्तिकेत चॅपेलचे आणि संगणककक्षाचे छायाचित्र ठळक असते. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आठवड्यातून किती दिवस उघडते, ते पालकांनी प्रवेशापूर्वी अवश्य विचारावे. मुलाचे मोजमाप पुस्तकातल्या उत्तराशी जुळले नाही, तर त्याला आकडा बदलायला सांगतात की पुन्हा मोजायला, हेही विचारावे.

राहिला पैशाचा प्रश्न. वसतिगृहाचा खर्च लहान नाही, आणि अशा विद्यार्थ्याला नोकरी त्याच्या सोबत्यांपेक्षा कदाचित वर्षभर उशिराही लागेल. ते एक वर्ष त्या एकट्या घराने सोसावे, की धर्मग्रामाच्या शिक्षणनिधीने त्यात वाटा उचलावा, यावर आमच्या धर्मग्राम मंडळांनी येत्या प्रवेशांपूर्वी एखादी बैठक घ्यायला हरकत नाही.