ओझे उतरताना

पाठ टेकवून बसा. खांदे सैल सोडा. आज आपण एक जहाज मनासमोर आणणार आहोत, समुद्रातले नव्हे, गोड्या पाण्यातले.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरची ती विशाल सरोवरे. त्यांतले सर्वांत वरचे सुपीरिअर. काठावर उभे राहिले तर पलतीर दिसत नाही. त्या पाण्यावरून 'पॉल आर. ट्रिगर्था' येते आहे. 1981 साली बांधलेले, 1,013.5 फूट लांब, 105 फूट रुंद. ते तुमच्यासमोरून जाऊ द्या. नाळ पुढे गेली, तरी मागचा भाग यायचाच आहे. तोवर श्वास मोजा.

पोटात लोहखनिजाच्या गोळ्या आहेत, गोट्यांएवढ्या, हजारो टन.

आता सू सेंट मेरीचे लॉक. म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबलचक हौद. त्यातला 'पो' नावाचा हौद 110 फूट रुंद. जहाजाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच फूट जागा. इथे घाई कुणालाच परवडत नाही. मागचा दरवाजा मिटतो. पाणी आपल्याच ओढीने खाली वाहते. ते उपसायला पंप लागत नाही. जहाज सुमारे 21 फूट खाली उतरते. तुम्हीही त्याच्याबरोबर उतरा. भिंती उंच होत जातात, आवाज दूर जातात.

पुढे ह्युरन सरोवर, मग एखादा साधा धक्का. तिथे क्रेन नाही, हमालांची रांग नाही. मला हे जहाज आवडते ते इथून पुढे.

त्याच्या कोठ्यांचा आकार आठवा: पाभरीच्या चाड्यासारखा, वर रुंद, खाली निमुळता, तळाला दारे. दारांखाली जहाजाच्या लांबीभर बोगदा, बोगद्यात सरकता पट्टा. दार थोडे उघडते. गोळ्या स्वतःच्या वजनाने पट्ट्यावर घरंगळतात, पट्ट्याबरोबर पुढे जातात, वर चढतात, आणि सुमारे अडीचशे फुटी लांब बाहूवरून किनाऱ्यावर कोसळतात. तो आवाज ऐका. मोठा आहे, पण एकसुरी. थोड्या वेळाने तो पावसासारखा वाटू लागतो.

इथे जरा थांबू या. एकच कोठा एकदम रिकामा करून चालत नाही. तसे केले तर एवढ्या लांब पाठीवर ताण येतो, ती वाकू शकते. म्हणून थोडे पुढचे काढायचे, थोडे मागचे. आणि माल जसा उतरतो, तसे बाजूच्या टाक्यांत सरोवराचेच पाणी भरायचे, म्हणजे जहाज डगमगत नाही. किती ओझे गेले, कुठून गेले, याचा हिशेब कुणीतरी सतत ठेवत असतो. ठरलेल्या क्रमाने ओझे उतरवणे हे वाहण्याइतकेच कष्टाचे काम आहे, असे मला हे पाहताना नेहमी वाटते.

तुमच्या खांद्यांवरचे काही या पट्ट्यावर ठेवायचे असेल तर ठेवा. सगळे नको. एक दार, तेही बोटभर.

तासामागून तास जातात. किनाऱ्यावरची रास वाढते, तिचा माथा घसरतो, पुन्हा वाढते. मग शेवटच्या काही गोळ्या एकेकट्या टपटपतात. पट्टा थोडा वेळ रिकामाच फिरतो आणि थांबतो. लांब बाहू सावकाश वळून डेकवरच्या आपल्या जागी टेकतो. दोर सुटतात. धुळीचा एक पातळ थर अजून हवेत आहे.

श्वास सोडा. जहाज वळते आहे.