भातावरून शिताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका सांगत आल्या आहेत, आणि त्यांच्या या सांगण्यांत तर्कशास्त्राचा एक सबंध अध्याय सांठवलेला आहे. एका भांड्यांत, एका आधणांत, एका आंचेवर शिजलेलीं शितें परस्परांहून फारशीं निराळीं असणार नाहींत, हें त्या परीक्षेचें गृहीत होय. गृहीत खरें असेल तर एक शीत दाबून पाहणें पुरेसें होतें. भात तळाशीं लागला असेल आणि वर कच्चा राहिला असेल, तर तेंच शीत आपणांस फसवितें. येथवरची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु याच्या उलट प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. सबंध भातावरून एका शिताची परीक्षा करतां येईल काय? राशीविषयीं जें खरें ठरलें तें राशींतील एकेकट्याला लागू करण्याचा अधिकार आपणांस कोठून प्राप्त होतो? हा प्रश्न पंडितांच्या करमणुकीपुरता नाहीं. आमच्या गोंदिया जिल्ह्यांत खरिपाचें पीक हातीं आलें, कीं तो दर वर्षीं तराजूपाशीं येऊन उभा राहतो.

१ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा मूळचाच धानाचा. वैनगंगेचें खोरें, जुने मालगुजारी तलाव, त्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या बांध्या आणि शहरांतील तांदळाच्या गिरण्या, असें येथील संसाराचें स्वरूप आहे. आधारभूत किमतीनें धान विकावयाचें तर त्यांतील ओलावा शेंकडा १७ हून अधिक असतां कामा नये, असा सरकारी नियम आहे. नियम रास्त आहे. ओलें धान कोठारांत तापतें, त्यास बुरशी लागते, आणि नुकसान सर्वांचेंच होतें. पण ओलावा डोळ्यांना दिसत नाहीं. अनुभवी शेतकरी दाणा दांताखालीं फोडून तो ओळखतो. खरेदीच्या जागीं लहानसें यंत्र असतें. त्यांत मूठभर धान घालतात आणि क्षणांत आंकडा उमटतो. १६.८ आला तर धान घेतलें जातें, १७.४ आला तर तें पुन्हां वाळवून आणावें लागतें. या सहा दशांशांच्या पोटीं गाडीचें दुसरें भाडें, एक-दोन दिवसांची मजुरी आणि आभाळाकडे लागलेली दृष्टि हें सर्व सामावलेलें असतें.

तें यंत्र काय पाहतें? प्रत्यक्ष पाणी तें पाहत नाहीं. १८३७ च्या सुमारास मायकेल फॅरडे यानें एकांत एक असे धातूचे दोन गोल घेऊन त्यांमधील जागेंत लाख, गंधक, कांच असे पदार्थ भरले, आणि विद्युत् सांठविण्याची त्या गोलांची शक्ति पदार्थागणिक बदलते असें दाखवून दिलें. विद्युत् वाहून न नेतां तिचा ताण आपल्या अंगीं धरून ठेवणाऱ्या अशा पदार्थांना डायइलेक्ट्रिक हें नांव मिळालें. पोकळीचा गुणांक १ धरला तर पाण्याचा सुमारें ८० भरतो, आणि कोरड्या धान्याचा एक-आंकडीच राहतो. म्हणून धान्यांत थोडें पाणी वाढलें तरी मोजमापांत मोठा फरक पडतो. ओलावा सांगणारीं कांहीं यंत्रें याच गुणावर चालतात. कांहींत धान्य दाबून त्यांतून विद्युत् कितपत वाहते तें पाहतात. दोहोंतही मोजतात एक गोष्ट आणि सांगतात दुसरी. शिवाय दाण्यांच्या मधली हवा, धान सैल भरलें कीं दडपून, त्याची जात, त्या दिवसाचें उष्णमान, या सर्वांचा हात त्या आंकड्यांत असतो. दाण्यांत मुरलेलें पाणी तर पेल्यांतील पाण्यासारखें मोकळें हलत नाहीं, त्यामुळें त्याचा गुणांकही ८० राहत नाहीं. याकरितां असें यंत्र आधीं भट्टींत वाळवून तोललेल्या धान्याशीं ताडून घ्यावें लागतें.

थोडक्यांत, तो आंकडा अनुमान आहे. अनुमान म्हणजे कमी प्रतीचें ज्ञान असें मात्र कोणीं समजूं नये. त्याचें सर्वांत सुंदर उदाहरण रक्ताच्या अभ्यासांत सांपडतें. द्रवांत तरंगणाऱ्या कणांच्या मिश्रणास शास्त्रज्ञ निलंबन म्हणतात. रक्त हें तसें निलंबनच. १८७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मॅक्सवेल यानें, एका माध्यमांत दुसऱ्या द्रव्याचे गोल विखुरलेले असतां त्या मिश्रणाची वाहकता कशी काढावी, याचें सूत्र दिलें. गोल एकमेकांपासून पुरेसे दूर असावेत ही त्याची अट होती. सूत्र उलट वाचलें तर मिश्रण मोजून गोलाचा गुण काढतां येतो. १९१० सालीं रुडॉल्फ ह्योबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें रक्तांतील तांबड्या पेशींवर उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडून पाहिला. प्रवाह सावकाश उलटत असतां पेशी बंद भिंतीसारख्या वागल्या. तो पेशींना वळसा घालून जाई. तो अतिशय जलद उलटूं लागला तेव्हां भिंत जणूं नाहींशी झाली, आणि आंतील द्रव विद्युत् वाहून नेणारा आहे असें दिसून आलें.

पुढें अमेरिकेंतील क्लीव्हलँड येथें ह्यूगो फ्रिके यानें तरंगत्या रक्तपेशींची विद्युत् सांठविण्याची शक्ति मोजली, आणि पेशीच्या पापुद्र्याची ती शक्ति दर चौरस सेंटिमीटरला ०.८१ मायक्रोफॅरड भरते असें १९२५ सालीं जाहीर केलें. त्यावरून पापुद्र्याची जाडी त्यानें मिलिमीटरच्या दहा लक्षांश भागाच्या ३.३ पट इतकी काढली. साध्या सूक्ष्मदर्शकाला हा पापुद्रा दिसणें शक्य नव्हतें. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें त्याचें स्पष्ट चित्र मिळावयास १९५० नंतरचें दशक उजाडावें लागलें. फ्रिकेचा आंकडा त्याच पंक्तींत बसला. कोट्यवधि पेशींच्या गर्दीवरून, एकही पेशी न फोडतां, एका पेशीचें अंतरंग कळलें. भातावरून शिताची परीक्षा करतां येते, याला याहून भक्कम पुरावा कोणता हवा?

येथेंच विवेकाची गरज लागते. फ्रिकेनें जाडी काढतांना पापुद्र्याचा गुणांक ३ धरला होता, आणि तसें त्यानें नमूद केलें होतें. तो ६ धरला असता तर जाडी दुप्पट आली असती. ज्या अटीवर अनुमान उभें आहे ती अट आमच्या नैयायिकांनींही फार पूर्वीं ओळखली होती. धुरावरून अग्नि ओळखावा, परंतु अग्नीवरून धूर ओळखूं नये. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धुराला ओलें सरपण लागतें. या लपून बसलेल्या अटीला त्यांनीं उपाधि म्हटलें. दुसरी गोष्ट अशी, कीं फ्रिकेला कोणत्याही एका पेशीचा न्याय करावयाचा नव्हता. सर्व पेशी सारख्या धरून त्यानें सरासरी पेशीचें वर्णन केलें; एखादी पेशी तशी नसली तरी तिचें कांहीं बिघडलें नाहीं. शेतकऱ्याचें तसें नाहीं. मूठभर धानाचा आंकडा त्याच्या सबंध गाडीला लागतो, आणि सर्व जातींच्या सरासरीवर बसविलेलें माप त्याच्या एका जातीला लागतें. ज्ञान तेंच राहिलें, पण त्याचा निवाडा झाला. आणि निवाड्याबरोबर जबाबदारी आली.

यावर कोणी म्हणेल, कीं यंत्र नसतें तर तेथें माणसाची मर्जी बसली असती. हा आक्षेप खरा आहे, आणि तो वजनदारही आहे. यंत्र जात विचारीत नाहीं, ओळखपाळख पाहत नाहीं. आम्हां अध्यापकांसही गुणपत्रिकेच्या आंकड्याचा आधार याचकरितां वाटतो. परंतु निःपक्षपात आणि अचूकपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ताडून न पाहिलेलें यंत्र सर्वांना सारखेंच चुकीचें मापतें, आणि त्या चुकीचा भार रेषेच्या जवळ उभ्या असलेल्यांवरच पडतो. ज्याचा आंकडा १२ आहे किंवा २२ आहे त्याला यंत्राचा थोडासा दोष बाधत नाहीं. १७ च्या आसपास जो आहे त्याचा दिवस त्या दोषावर ठरतो.

म्हणून राशीचें माप एकेकट्याला लावणाऱ्यावर दोन कर्तव्यें येतात असें मला वाटतें. पहिलें, आपल्या मापाचें गृहीत विचारणाऱ्यास सांगण्याची तयारी. यंत्र केव्हां आणि कशाशीं ताडलें, हें विचारणें हा उद्धटपणा समजला जाऊं नये. दुसरें, निकाल यंत्राच्या संभाव्य चुकीच्या आंत येत असेल तेव्हां दुसऱ्या वाटेनें विचारण्याची सोय. ह्योबरच्या पेशींनीं सावकाश प्रश्नाला एक उत्तर दिलें आणि जलद प्रश्नाला दुसरें. दोन्हीं खरीं होतीं, आणि पेशी समजली ती दोन्हीं उत्तरें एकत्र ठेवल्यावर. एकाच प्रश्नावर थांबलेला परीक्षक तिला कायमची बंद भिंत समजून बसला असता. परीक्षेच्या एका गुणावरून विद्यार्थ्याला, किंवा समाजाच्या सरासरीवरून त्यांतील एका माणसाला ओळखूं पाहणारे आपण सर्व बहुधा तेथेंच थांबतों.

धानाच्या बाबतींत तर दुसरी वाट मुळींच दुर्मिळ नाहीं. थोडें धान तोलावें, भट्टींत वाळवावें आणि पुन्हां तोलावें. जें वजन घटलें तें पाणी. त्याला कांहीं तास लागतात खरे. परंतु ज्याचें धान परत जातें त्याचे दिवस जातात, आणि ते कोणाच्याच हिशेबांत धरलेले नसतात.