सुटली दारू, उरले देणे

माळ घातली, दारू सुटली, चंद्रभागेत बुडी मारली. आता मागचे सारे फिटले, असे पुष्कळजण म्हणतात. पण बायकोचे मोडलेले डोरले, शेजाऱ्याची उसनवारी, पोराने खाल्लेला मार, हे पाण्यात कसे विरघळणार? तुकोबांनी इंद्रायणीत खते बुडविली, ती लोकांकडून येणे होते त्याची. तीही भावाचा वाटा भावाला देऊन, केवळ आपल्या वाट्याची. येणे सोडणे आपल्या हाती. देणे सोडणे धनकोच्या हाती. १९३५ साली अमेरिकेत निघालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसची नववी पायरीही हेच सांगते: ज्यांना दुखविले त्यांची भरपाई करा, मात्र त्याने कुणाला नवी इजा होत असेल तर नको. दिंडीत आपण अनोळख्याच्याही पाया पडतो. मग बाबांनो, घरच्यांपुढे वाकायला लाज कसली? त्यांनी क्षमा केली नाही, तरी देणे फेडायचेच.