हाकेच्या अंतरावरचे बंधू

दर वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी जगभरचे लाखो स्काउट आणि गाइड आपापल्या गावातूनच एका मेळाव्यात सामील होतात. हौशी रेडिओवरून भरणाऱ्या या मेळाव्याचे नाव ‘जांबोरी ऑन द एअर’ आणि इंटरनेटवर भरणाऱ्याचे ‘जांबोरी ऑन द इंटरनेट’. मुलांच्या तोंडी दोन्ही मिळून ‘जोटा-जोटी’. भारतापुरती या उद्योगाची दोन्ही सूत्रे दिल्लीत आहेत. भारत स्काउट्स अँड गाइड्सचे राष्ट्रीय मुख्यालय महात्मा गांधी मार्गावरच्या लक्ष्मी मजुमदार भवनात आहे, आणि हौशी रेडिओचा परवाना देणारी दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा संचार भवनात. बारा वर्षांचे मूलही परीक्षा देऊन हा परवाना मिळवू शकते. ज्यांच्याकडे तो नसतो त्यांना परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, शेजारी बसवून घेतो. यंत्रणा अशी साधी आहे. पण तिच्या मागे एक अवघड प्रश्न उभा आहे आणि तो मूलतः धर्माचा आहे. स्काउट सर्वांचा मित्र आणि दुसऱ्या प्रत्येक स्काउटचा बंधू असतो, असे या चळवळीचा नियम सांगतो. ज्याला पाहिले नाही, ज्याच्याशी पुन्हा बोलणे होईल याची खात्री नाही, त्याच्याशी दोन मिनिटे बोलून कोणी बंधू होतो का? की ‘विश्वबंधुत्व’ या भारदस्त शब्दाला आपण एका खेळाच्या पातळीवर आणून ठेवले आहे?

या मेळाव्याचा जन्म कसा झाला ते आधी पाहू. 1957 साली इंग्लंडमध्ये सटन कोल्डफील्ड येथे स्काउट चळवळीच्या पन्नाशीची जांबोरी भरली. तिथे भेटलेल्या रेडिओप्रेमी स्काउटांना निरोप घेताना चुटपुट लागली, आणि लेस मिचेल या इंग्रज हॅमने कल्पना मांडली की पुढची भेट हवेतूनच घ्यावी. मे 1958 मध्ये पहिली ‘जोटा’ झाली. म्हणजे प्रत्यक्ष भेटीला पर्याय म्हणून हे सुरू झाले नव्हते. झालेली भेट विरून जाऊ नये, ही त्यामागची ओढ होती. पुढे मात्र जे कधीच भेटले नव्हते आणि भेटणारही नव्हते, अशा मुलांची संख्या वाढत गेली. आमचा प्रश्न या मुलांविषयी आहे.

त्यांच्या हातून तिथे नेमके काय घडते? मूल माइक हातात घेते. बटण दाबून धरले की त्याचा आवाज जातो, पण त्या वेळी त्याला काहीच ऐकू येत नाही. बटण सोडले की ऐकू येते, पण मग बोलता येत नाही. बोलायच्या आधी ती फ्रिक्वेन्सी कोणी वापरत नाही ना, हे कान देऊन तपासावे लागते. मग ‘सीक्यू’ अशी हाक जाते. ती कोणा एकाचे नाव घेऊन मारलेली नसते. जो कोणी ऐकत असेल त्याच्यासाठी असते. उत्तर आले की पहिली देवाणघेवाण एकच: तुझा आवाज मला किती स्पष्ट आणि किती जोरात येतो आहे. मग नाव, गाव, हवामान, कोणता बॅज मिळवला. बोलून झाले की ‘ओव्हर’, आणि हात बटणावरून बाजूला. वर्गात एकमेकांचे बोलणे तोडणारी मुले इथे एकमेकांचे वाक्य पुरे होऊ देतात, कारण दुसरा इलाजच नसतो. सेटच्या रचनेने त्यांच्यावर लादलेली ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

तिचे मोल कळायला बाबासाहेब आंबेडकरांकडे जावे लागते. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी 1936 साली लिहिलेले, पण प्रत्यक्षात देऊ न दिलेले ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे त्यांचे भाषण. दोन माणसांच्या चालीरीती सारख्या असल्या म्हणून त्यांचा समाज बनत नाही, असे ते त्यात बजावतात. समाज बनतो तो परस्परांशी चाललेल्या संवादातून, अनुभव वाटून घेतल्याने. पुढे 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी सांगितले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली त्रयी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी आणलेली नाही. तिची मुळे धर्मात आहेत आणि ती बुद्धाकडून घेतली आहे. आणि ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी धम्माची जागाच दाखवून दिली: एकटा माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसांचा संबंध आला की धम्माला जागा द्यावीच लागते. या दृष्टीने पाहिले तर फ्रिक्वेन्सीवर दुसरा आवाज उमटला त्याच क्षणी तिथे धर्माचा प्रश्न उपस्थित झाला. आपण ऐकणार की नाही? त्याला पुरे बोलू देणार की नाही? तो जसा ऐकू येतो तसे खरे सांगणार की नाही? बंधुतेची सुरुवात उचंबळून आलेल्या भावनेत असते असे आपण धरून चालतो. ती खरे तर या कर्तव्यात आहे: ओळख नसलेल्याची हाक ऐकणे आणि तिला प्रामाणिक उत्तर देणे. सर्व जीवांच्या परस्पर स्नेहाचे मागणे ज्ञानदेवांनी पसायदानात मागून ठेवले, त्याला सातशे वर्षे उलटून गेली. महाराष्ट्रातल्या शाळांतून ते रोज म्हटले जाते. म्हणणाऱ्या मुलाने पहिली कृती कोणती करायची, असे कोणी विचारले तर ‘ऐक आणि उत्तर दे’ यापेक्षा चांगले उत्तर मला सुचत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सारे बोलणे उथळ असते. हवा कशी आहे, वय काय, जेवणात काय होते. यात बंधुता कुठे आली? आक्षेपातले वर्णन खरे आहे. हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही दीर्घकाळ अशी अट होती की तांत्रिक प्रयोगांखेरीज वैयक्तिक बोलणे करायचेच, तर ते इतके बिनमहत्त्वाचे असावे की त्यासाठी सार्वजनिक तार-टेलिफोन वापरण्याची गरज पडू नये. ही अट टपाल-तार खात्यांचे उत्पन्न राखण्यासाठी होती, हे उघड आहे. पण तिच्यातून नकळत एक जागा शिल्लक राहिली, जिथे ना काही विकायचे असते, ना कोणाचे मत वळवायचे असते. ज्याच्यापासून आपल्याला काडीचाही लाभ नाही त्याच्याशी बोलण्याची सवय अशाच जागेत लागते. आणि ही सवय पोकळ नसते, याचा दाखला दिल्लीच्याच एका हॅमने दिला आहे. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून हौशी रेडिओ क्वचितच ऐकू येतो, म्हणून जगभरच्या हॅमना त्या बेटांशी संपर्क साधल्याचा आनंद मिळावा, एवढाच हेतू. 26 डिसेंबरला त्सुनामी आली, संपर्काची नेहमीची साधने कोलमडली, आणि तोच सेट, तेच कान बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवू लागले. आदल्या दिवशीपर्यंत जे बोलणे बिनमहत्त्वाचे होते त्याच्याच सरावावर हे काम उभे राहिले. संकटात हाक ऐकू येण्यासाठी आधी कोणीतरी निष्कारण ऐकत बसलेले असावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक मुरलेला आहे. बंधुतेला सहवास लागतो. एकत्र स्वयंपाक, एकत्र तंबू, चिखलातून एकमेकांना ओढणे याशिवाय ती रुजत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे आणि कोणताही स्काउटमास्तर ते मान्य करील. पण सहवास पुरेसा असतो का, हे दिल्लीच्याच इतिहासाला विचारावे. फेब्रुवारी 1937 मध्ये दिल्लीत अखिल भारतीय जांबोरी भरली; चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल खुद्द आले होते. तंबू होते, शेकोट्या होत्या, संचलन होते. पण भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी जी मते मांडली त्यांवरून पाठोपाठ वादळ उठले, आणि 1938 मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन वेगळी उभी राहिली. त्याआधीही, भारतीय मुलांना गोऱ्यांच्या पथकांत घेत नसत म्हणूनच अ‍ॅनी बेझंट यांना मद्रासेत आणि मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांना अलाहाबादेत स्वतःची पथके काढावी लागली होती. कुंझरू हे गोखल्यांनी पुण्यात 1905 साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे. वेगवेगळ्या संघटना 7 नोव्हेंबर 1950 ला एक झाल्या त्यामागे त्यांच्यासारख्यांचे कष्ट होते. एका मैदानावर तंबू ठोकूनही माणूस दुसऱ्याला आपल्या बरोबरीचा मानत नसेल, तर त्या सहवासातून बंधुता निघत नाही. ती बरोबरी आधी कुठेतरी शिकावी लागते. रेडिओवर कॉल साइन, म्हणजे केंद्राची ओळखसंज्ञा, सांगतात, पहिले नाव सांगतात, गाव सांगतात. आडनाव लागत नाही. ज्या देशात आडनाव कळताच समोरच्याचा सूर बदलतो, तिथे मुलाला काही मिनिटे आडनावाशिवाय ऐकले जाण्याचा अनुभव मिळणे, ही लहान गोष्ट नाही. ते झाकून ठेवले म्हणून जात गेली असे कोणी समजू नये. पण आडनावाविना आदर मिळू शकतो हे एकदा अनुभवलेले मूल, पुढे आडनाव पाहून आदर मोजणाऱ्याला प्रश्न विचारू शकते.

इथेच वचनातल्या ईश्वराचा मुद्दा येतो. स्काउटच्या वचनात ईश्वराविषयीचे कर्तव्य आहे, आणि त्यावरून जगात वाद झाले आहेत: देव न मानणाऱ्या मुलाला या बंधुत्वात जागा आहे की नाही? भारतीय वचनाने याचे जे उत्तर काढले ते मला जगाला सांगण्याजोगे वाटते. ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी हवे तर ‘धर्म’ म्हणण्याची इथे मुभा आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर माथा टेकवणाऱ्या घरातले मूल, जैन मूल, नास्तिक घरातले मूल, सगळ्यांना खोटे न बोलता हे वचन घेता येते. हॅम मंडळींचा शिरस्ताही याला पूरक आहे. धर्मप्रचार आणि राजकीय वाद हवेत आणू नयेत, असा संकेत ते पाळतात. त्यामुळे धर्माची चर्चा हद्दपार होते, ही तक्रार रास्त आहे. मात्र धर्माचे आचरण उरते, आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी हा क्रम मला योग्य वाटतो.

आता सर्वांत कठीण आक्षेप. दूरच्यावर प्रेम करणे सोपे असते, कारण तो आपल्याकडे काही मागत नाही. हंगेरीतल्या मुलाशी बोलणारे गुरुग्राममधले मूल आपल्या सोसायटीच्या भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या मुलाशी कधी बोलले आहे का? या आक्षेपाला मी उत्तर देणार नाही. तो मला मान्य आहे, आणि विज्ञानही त्याच्याच बाजूने साक्ष देते. दिवसा 14 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर दिल्लीतून निघालेली लहर वर आयनांबरावर आपटून परतते आणि खूप दूर जाऊन उतरते. युरोप ऐकू येतो, जपान ऐकू येतो. मधला पट्टा मात्र मुका राहतो. स्काउट-गाइडचे राष्ट्रीय युवा संकुल पलवल जिल्ह्यात गदपुरीला आहे, दिल्लीहून मथुरेच्या रस्त्यावर. 14 मेगाहर्ट्झवर दिल्लीच्या मुलाला बहुधा टोकियो मिळेल, गदपुरी मिळणार नाही. जवळच्याला गाठायचे तर वेगळी सोय करावी लागते: 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर उतरून अँटेना जमिनीजवळ बांधायची, म्हणजे लहर सरळ वर जाऊन आसपासच उतरते; किंवा व्हीएचएफचा हातात मावणारा सेट घ्यायचा. इंटरनेटवर अशी भौतिक अडचण नाही, पण तिथला मुका पट्टा आपण स्वतः आखतो. ज्यांची भाषा, शाळा आणि फोन आपल्यासारखे आहेत तेच आपल्याला तिथे भेटतात. रेडिओवर कोण उत्तर देईल हे आपल्या हाती नसते, म्हणून बंधुतेचे शिक्षण म्हणून मी रेडिओला इंटरनेटच्या वर ठेवतो. मुलांपर्यंत पोचण्यात मात्र फोन कितीतरी पुढे आहे, हेही तितकेच खरे.

तेव्हा दूरची बंधुता खोटी नाही, ती अर्धी आहे. संविधानसभेतल्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता रंगाच्या थरापेक्षा खोल जाणार नाहीत, असे आंबेडकर म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात हंगेरी-जपान नव्हते. एकाच गावाच्या दोन टोकांना राहणारी माणसे होती. म्हणून दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबादच्या पथकांना आणि त्यांच्या मदतीला येणाऱ्या हॅमना एक विनंती आहे. येत्या ऑक्टोबरात सेट लावाल तेव्हा वेळेचे दोन भाग करा. एक भाग जगासाठी ठेवा. दुसऱ्यात 7 मेगाहर्ट्झवर किंवा व्हीएचएफवर या, एक सेट जवळच्या सरकारी शाळेत नेऊन ठेवा, आणि दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांना हाक मारू द्या. ज्या शाळेत पथकच नाही तिच्यापासून सुरुवात केलीत तर अधिक चांगले. आणि त्या मुलांची भेट पुढच्या रविवारी प्रत्यक्षात घडवून आणा. ती तर बसने जाता येईल इतक्या अंतरावर आहेत.