यंत्राला दिलेला न्याय

एखादे यंत्र बिघडले म्हणजे दोष ठरविण्याआधी ते खोलून पाहावे लागते, हे आपण सारेच मान्य करतो. माणसाच्या बाबतीत हीच सबुरी आपण का दाखवीत नाही, असा प्रश्न अलीकडे आमच्यापुढे उभा राहिला. तो ग्रंथ वाचताना उभा राहिला नाही. एका झिजलेल्या चेनसॉने तो उभा केला.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. त्या दिवसाची पडझड वसईकरांना नव्याने सांगायला नको. त्यानंतर वर्गणी काढून धर्मग्रामासाठी एक पेट्रोलवर चालणारी चेनसॉ घेण्यात आली. ती चालविण्याचे काम वाडीतल्या एका तरुणाने आपणहून पत्करले होते. गेल्या पावसाळ्यात दफनभूमीच्या कुंपणावर एक जुने झाड कोसळले. ते कापता कापता यंत्राने कर्कश आवाज केला आणि ते जागीच थांबले. दोरी ओढू गेले तर दोरी हलेना. इंजिन सीज झाले होते.

अशा यंत्राच्या इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच टूटी ऑइल मिसळावे लागते. आमच्या यंत्राला लिटरमागे २० मिलिलिटर. तेल विसरले की पिस्टन सिलिंडरला घासून धरतो. एवढे ज्ञान आम्हांला होते, आणि तेवढ्याच ज्ञानाच्या बळावर आम्ही पाच जणांसमोर त्या तरुणाला म्हणालो, "तेल घातलं नाहीस तू."

"घातलं होतं, फादर. मापानं घातलं होतं," तो म्हणाला.

आम्ही काही बोललो नाही. त्या गप्प बसण्याचा अर्थ सर्वांना कळला, त्यालाही. पुढच्या रविवारपासून तो मिस्साला येई, पण मागच्या दाराजवळ उभा राही आणि शेवटचे गीत संपण्याआधी निघून जाई. दुकानदाराने सायलेन्सर काढून आत एक नजर टाकली आणि सांगितले, "साधं पेट्रोल घातलंय. नवीन घ्या, हे दुरुस्त करणं परवडणार नाही." आमच्या मताला तज्ज्ञाचा दुजोरा मिळाला. आपल्याला हवे तेच कोणी सांगितले की तो माणूस तज्ज्ञ वाटू लागतो, हा अनुभव वाचकांनाही असेल.

ते यंत्र भंगारातच जायचे, परंतु आमच्या थोरल्या बंधूंनी ते मागून नेले. कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेला हा गृहस्थ निवृत्तीनंतर घरामागच्या पडवीत व्हाइस, ड्रिल आणि पत्र्याचे डबे मांडून बसलेला असतो. घरात आम्हांला अजून नावाने हाक मारणारे ते एकटेच उरले आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "बंद पडायच्या आधी कशी चालत होती?"

आणि आम्हांला आठवले. दोन दिवस आधी तो तरुण आम्हांला म्हणाला होता, "फादर, ट्रिगर सोडला तरी आवाज लवकर उतरत नाही. उगाच किंचाळते." आम्ही लग्नाच्या नोंदी पाहत होतो. "बघू," म्हणालो होतो.

बंधूंनी सिलिंडर उतरविला. पिस्टनच्या एका अंगाला, धूर बाहेर पडतो त्या बाजूला, उभ्या खोल रेघा पडल्या होत्या आणि रिंग खाचेतच रुतली होती. दुकानदाराने हेच पाहिले असणार. पण बंधू तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी खाली क्रँककेसमध्ये बोट फिरवून आमच्यापुढे धरले. बोट तेलाने ओले होते. कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंगही तापून निळे पडलेले नव्हते. पेट्रोलमध्ये तेल नसते, तर हा भाग कोरडा ठणठणीत मिळाला असता.

मग इंजिन जळाले कशाने? सिलिंडर पुन्हा बसवून त्यांनी कार्बोरेटरचे आणि सायलेन्सरचे तोंड ट्यूबच्या रबराने बंद केले. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा व तबकडी जोडून आत हवा भरली आणि साऱ्या सांध्यांना साबणाचे पाणी लावले. काटा ३०० पर्यंत चढून हळूहळू उतरू लागला. कार्बोरेटर व सिलिंडर यांना जोडणाऱ्या रबरी नळीला क्लिपखाली एक चीर होती. तिथे बुडबुडे येत होते. त्या चिरेतून इंजिन जादा हवा ओढत होते. पेट्रोल कमी पडले की त्याबरोबर येणारे तेलही कमी पडते आणि उष्णता वाढते. ट्रिगर सोडल्यावरही आवाज न उतरणे ही त्याचीच खूण. तरुणाने ती अचूक ओळखली होती, फक्त तिचे नाव त्याला ठाऊक नव्हते. पेट्रोल टाकीत तसेच ठेवून यंत्र सात-आठ महिने कोपऱ्यात टाकून देणारे मात्र आम्हीच होतो. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओल धरते आणि जुन्या रबराला सोसत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा'मध्ये न्यायबुद्धीची चर्चा करताना एक भेद केला आहे. सेमिनरीत तो आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. वस्तूविषयी आपण चुकीचे मत बनविले तर वस्तूचे काही बिघडत नाही. माणसाविषयी पुराव्यावाचून वाईट मत बनविले तर त्या मतानेच त्याच्यावर अन्याय होतो. म्हणून शंका असेल तेथे चांगला अर्थ घ्यावा. अशाने वाईट माणसाला चांगले समजण्याची चूक वारंवार झाली तरी चालेल, असे ते म्हणतात. (यंत्राचे काही बिघडत नाही हे मात्र बंधूंना पटले नाही. चीर न शोधता नवा पिस्टन घातला असता तर तोही जळाला असता, असे त्यांचे म्हणणे. त्या ग्रंथकर्त्याला चेनसॉ ठाऊक नव्हती.) आम्हांला बोचले ते वेगळेच. ज्याचे आपल्या मताने काही बिघडत नाही त्या लोखंडाला आमच्या बंधूंनी दोन दिवस दिले. ज्याचे बिघडते त्या माणसाला आम्ही एक मिनिटही दिले नाही.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरही रेघा दिसत होत्या आणि तो गेला असे आम्ही धरून चाललो होतो. बंधूंनी नखाने चाचपून सांगितले, "हे ओरखडे नाहीत. पिस्टनचं ॲल्युमिनियम वर चिकटलंय." भिंतीवर निकेलचा कठीण थर असतो. त्यांनी कापसाच्या बोळ्याने फरशी धुण्याचे ॲसिड अगदी रेघेपुरते लावले. फेस येई, ते पुसत, पुन्हा लावत. ॲसिड ॲल्युमिनियम खाते, निकेलला सहसा धक्का लावीत नाही. पण झरोक्याच्या उघड्या कडेला लागले तर सिलिंडरच खाऊन टाकते. काही यंत्रांत निकेलऐवजी क्रोमचा थर असतो, तिथे हा उपाय घातकच. फेस यायचा थांबला, सोड्याच्या पाण्याने धुतले आणि खाली भिंत जशीच्या तशी चकचकीत निघाली. ती पाहताना आमच्या मनात काय आले ते लिहिण्याची गरज नाही.

नवा पिस्टन, नवी रिंग, नवी रबरी नळी आणि दोन ऑइल सील, एवढ्यावर काम भागले. पिस्टनवरील बाणाचे टोक धुराच्या बाजूला ठेवून त्यांनी तो बसविला. पुन्हा हवा भरली. काटा हलला नाही.

राहिली दुसरी दुरुस्ती. ज्याची अब्रू खोटे बोलून घेतली त्याला ती आपली चूक कबूल करून परत द्यावी, असेही तेच अक्वायनस सांगतात. आम्ही आधी एकांतात क्षमा मागण्याचा विचार केला होता. बंधू म्हणाले, "आरोप एकांतात केला होतास का?" म्हणून त्याच कुंपणापाशी, एका रविवारी मिस्सानंतर, त्या पाचांपैकी चौघांना बोलावून आम्ही झाले ते सांगितले. जळका पिस्टन आणि फाटकी नळी सोबत नेली होती. पाचवा गृहस्थ नोकरीसाठी कुवेतला गेला आहे. त्याला पत्र धाडले आहे. त्याने ही गोष्ट तिकडे कोणाकोणाला सांगितली असेल हे आम्हांला ठाऊक नाही, आणि तिथपर्यंत आमचे पत्र पोचणार नाही.

तरुण खाली मान घालून ऐकत होता. "असू द्या, फादर," एवढेच म्हणाला. ते क्षमा केल्याचे शब्द होते की विषय संपविण्याचे, हे आम्हांला अजून उमगलेले नाही. मग त्याने यंत्र उचलले, नळीवरची क्लिप बोटाने चाचपली आणि दोरी ओढली. थोडा वेळ इंजिन गरम होऊ दिले, ट्रिगर दाबून सोडला आणि कान देऊन उभा राहिला. आवाज लगेच खाली उतरला. त्याने पुन्हा एकदा दाबून सोडला.