चालतंय ना, मग झालं?

ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करणाऱ्यांच्या तोंडी एक शब्द कायम असतो, 'स्टेबल'. "कोअर प्लस दीडशे, मेमरी प्लस आठशे, एकदम स्टेबल!" मला हा शब्द खटकतो. तो कार्डाबद्दल बोलतोय असं वाटतं, पण खरं तर तो बोलणाऱ्याबद्दल बोलतो. त्याने किती तपासलं आणि कुठे थांबायचं ठरवलं, याबद्दल.

ज्यांनी हा उद्योग केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकाच मॉडेलच्या दोन चिप तंतोतंत सारख्या नसतात. त्यातली सुमार चिपसुद्धा कोंदट कॅबिनेटमध्ये वर्षानुवर्षं चालावी, म्हणून कंपनी वेग थोडा हातचा राखून ठरवते. एमएसआय आफ्टरबर्नरसारखं सॉफ्टवेअर ही शिल्लक आपल्या हातात देतं. कोअरचा वेग, मेमरीचा वेग, पॉवर लिमिट. स्लायडर सरकवा आणि 'अप्लाय' दाबा. आलेखात तापमान दिसतं, व्होल्टेज दिसतं, फॅनचा वेग दिसतो. एकच गोष्ट दिसत नाही. कार्ड जी उत्तरं काढतंय, ती बरोबर आहेत का?

बिघाड शोधायला बसलं की कळतं, चुकांच्या तीन जाती आहेत.

पहिली बोंब मारणारी. कोअरचा वेग झेपेनासा झाला की गेम बंद पडतो. विंडोज साधारण २ सेकंद वाट पाहतं, कार्डाने उत्तर दिलं नाही तर ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. स्क्रीन काळी होते आणि परत येते. चिडचिड होते, पण ही चूक प्रामाणिक आहे. वेग थोडा मागे घ्यायचा आणि पुन्हा तपासायचं.

दुसरी झाकली मूठ. २०२०मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० या कार्डांत जीडीडीआर६एक्स मेमरी आहे. डेटा ये-जा करताना चूक झाली तर ती पकडून तोच डेटा पुन्हा पाठवायची सोय तिच्यात आहे. त्यामुळे मेमरीचा स्लायडर पुढे पुढे नेला तरी क्रॅश होत नाही, पडद्यावर ठिपकेही दिसत नाहीत. आकडा मोठा दिसतो, पण फ्रेम रेट मात्र घसरतो, कारण कार्डाचा वेळ स्वतःच्या चुका निस्तरण्यात जातो. यावर उपाय साधा आहे. दर शंभर मेगाहर्ट्झला बेंचमार्कचा स्कोअर लिहून ठेवायचा आणि स्कोअर उतरू लागला की मागे यायचं, काही बंद पडलेलं नसलं तरीही.

तिसरी जात सगळ्यात वाईट. चूक होते, कुणी पकडत नाही आणि काम पुढे जातं.

गेममध्ये याने काय बिघडतं? एका फ्रेममध्ये एका पिक्सेलचा रंग चुकला, एवढंच. तिथे 'चालतंय ना, मग झालं' हे उत्तर मला पूर्ण मान्य आहे. कार्ड तुमचं, वीजबिल तुमचं, वॉरंटीची काळजीही तुमचीच.

पण तेच कार्ड रात्री दुसरं काम करू शकतं. 'फोल्डिंग अ‍ॅट होम' या प्रकल्पात जगभरचे लोक आपला संगणक प्रथिनांच्या घड्यांचं गणित करायला देतात. कोविडच्या काळात लाखो लोकांनी असं केलं. २०१०मध्ये इम्रान हक आणि विजय पांडे या संशोधकांनी याच जाळ्यातल्या वीस हजारांहून जास्त संगणकांवर ग्राफिक्स कार्डांची मेमरी तपासली. प्रयोगशाळेतल्या कार्डांत चुका सापडल्या नाहीत. लोकांच्या घरातल्या कार्डांपैकी सुमारे दोन तृतीयांश कार्डांत मात्र सापडल्या. ओव्हरक्लॉकिंगचा परिणाम वेगळा काढूनही त्या उरल्या. म्हणजे स्लायडरला हात न लावलेल्या माणसालाही 'माझं कार्ड ठणठणीत आहे' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. मग मुद्दाम काठावर नेऊन ठेवलेल्या कार्डाच्या मालकाने ते किती जपून म्हणावं?

इथे मला १८७७ सालचा एक निबंध आठवतो. इंग्लंडमधल्या विल्यम क्लिफर्ड या गणितज्ञाने त्यात एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली आहे. जहाज जुनं आहे, मनात शंका आहे. पण इतक्या सफरी केल्या, हीही करेल, अशी तो स्वतःची समजूत घालतो आणि प्रवासी चढवतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे. आणि पुढे म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी ठरला असता. तसा विश्वास ठेवायचा हक्क त्याने तपासून मिळवलेलाच नव्हता.

'चालतंय ना' या युक्तिवादाची नस इथे सापडते. आजवर बुडालं नाही, हा जहाजाबद्दलचा पुरावा फार तोकडा आहे. दहा तासांची स्ट्रेस टेस्ट पार पडली, म्हणजे त्या दहा तासांत, त्या खोलीत, त्या तापमानाला काही दिसलं नाही. डिसेंबरात स्टेबल असलेलं कार्ड नागपूरच्या मे महिन्यातही तसंच राहील, याची हमी त्यात नाही. अस्थिरता एका क्रॅशने सिद्ध होते, स्थिरता कितीही तासांनी पूर्ण सिद्ध होत नाही.

यावर कुणी म्हणेल, असं असेल तर माणसाने काहीच करू नये! तपासत बसायचं म्हटलं तर जन्म पुरणार नाही. आक्षेप खरा आहे. पण उत्तर कायम तपासत राहण्यात नाही, प्रमाणात आहे. चुकीची किंमत मी एकटाच मोजणार असेन, तर तासाभराची टेस्ट पुरे. पैसे घेऊन कुणाचं रेंडरिंग करत असेन, कुणाच्या संशोधनाला हातभार लावत असेन किंवा कार्ड सेकंडहँड विकत असेन, तर जोखीम माझ्या घराबाहेर जाते. तिथे माझी हौस दुसऱ्याच्या भरवशावर चालते, आणि त्याला ते ठाऊकही नसतं.

म्हणून 'स्टेबल' ऐवजी मला जरा लांब वाक्य आवडतं. "इतक्या वेगाला, इतके तास, अमुक टेस्टवर, इतक्या तापमानाला काही दिसलं नाही." ऐकायला भारदस्त नाही, पण त्यात खोटं काही नाही. ऐकणाऱ्यालाही स्वतःचा निर्णय घेता येतो.

आफ्टरबर्नरमध्ये प्रोफाइलचे पाच कप्पे असतात. एकात गेमसाठीचा वेग खुशाल ठेवा. दुसरा कप्पा मूळ वेगाचा असू द्या आणि दुसऱ्या कुणाचं काम सुरू करण्याआधी त्यावर क्लिक करा. त्याने थोडाफार वेग जाईल. आणि संगणक सुरू होताच ओव्हरक्लॉक आपोआप लागू करणारं बटण? ते दाबण्याआधी एक प्रश्न विचारावा. रोज सकाळी न तपासता ज्याच्यावर विश्वास ठेवायचा, तो विश्वास मी कमावलाय का?