समावर्तन आणि पुनर्गमन

विद्याध्ययन पुरे झाल्यावर शिष्याने गुरूच्या अनुज्ञेने स्नान करावे, यथाशक्ती दक्षिणा द्यावी आणि घरी परतावे, या विधीला गृह्यसूत्रे समावर्तन म्हणतात; ‘परत फिरणे’ हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ होय. असा परतणारा विद्यार्थी तो उपकुर्वाण आणि आमरण गुरुगृही राहणारा तो नैष्ठिक, असे ब्रह्मचाऱ्याचे दोन प्रकार धर्मशास्त्राने मानले. परंतु जो परतला आणि ज्याची विद्या अपुरी राहिली, त्याने पुन्हा दूरदेशी जावे काय, हा प्रश्न या दोन प्रकारांच्या मधोमध उभा राहतो.

त्याचे उत्तर ऋणाच्या कल्पनेत शोधावे लागते. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो. त्यांपैकी देवऋण यज्ञाने, पितृऋण संततीने आणि ऋषिऋण ब्रह्मचर्याने, म्हणजेच अध्ययनाने, फिटते. विद्येचे ऋण विद्येनेच फेडावयाचे असेल, तर ते कोणत्या भूमीवर फेडले यापेक्षा ते पूर्ण फेडले की नाही, याला अधिक महत्त्व येते. परतणाऱ्याला स्वीकारण्याची जबाबदारी मात्र समाजाने नेहमीच पाळली असे नाही. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पातकांत गणला आणि कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या आचारांच्या, म्हणजे कलिवर्ज्यांच्या, यादीत नौकेने समुद्र ओलांडलेल्या द्विजाला प्रायश्चित्तानंतरही जवळ करू नये, असा निर्बंध आला.

ज्यांना या व्यवस्थेने द्विजांच्या पंक्तीबाहेरच ठेवले होते, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनात हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने प्रकट झाला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. पुढे लंडनमधील अध्ययन अर्धवट असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये त्यांना परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत लंडन विद्यापीठाने त्यांना दिली होती. करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले, पण कचेरीत शिपाई त्यांच्याकडे कागद लांबूनच टाकीत, राहावयास घर मिळेना आणि ज्या सरायीत त्यांनी नाव बदलून आसरा घेतला होता, तेथूनही अकराव्या दिवशी त्यांना बाहेर काढण्यात आले. उच्चविद्याविभूषित असा हा माणूस रात्रीच्या गाडीची वाट पाहत कामाठी बागेत तासन्‌तास बसून राहिला. ऋण फेडावयास आलेल्याला ज्या समाजाने छप्परही दिले नाही, त्याला त्या ऋणाची मागणी करण्याचा नैतिक अधिकार किती उरतो?

तरीही बाबासाहेबांनी ऋण नाकारले नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठवला, त्याला छत्रपती शाहू महाराजांच्या साहाय्याची आणि मित्राकडून घेतलेल्या कर्जाची जोड दिली आणि 1920 मध्ये ते लंडनला पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांना 1923 मध्ये डी. एस्सी. ही पदवी मिळाली. त्याच वर्षी ते मायदेशी आले आणि 1924 मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली.

पुनर्गमन हे कर्तव्यातून पळ काढण्याचे साधनही होऊ शकते, ही शंका रास्त आहे; म्हणूनच फुलब्राइटसारख्या शिष्यवृत्त्यांवर अमेरिकेत गेलेल्यांना तेथे कायम वास्तव्याचा परवाना मिळण्यापूर्वी दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. परंतु अट देहाला परत आणते, विद्येला नव्हे. विद्या परत यावयाची असेल, तर शिकणाऱ्याच्या मनात ज्यांच्यासाठी शिकायचे त्यांची आठवण जागी असावी लागते आणि समाजाच्या दारात त्याच्यासाठी जागा असावी लागते. अपुरे अध्ययन पुरे करण्यासाठी जाणारा आणि ते घेऊन परतणारा विद्यार्थी समावर्तन मोडत नाही. तो ते पूर्णत्वास नेतो.